लोकप्रियता आणि लोकप्रतिनिधित्व : उर्मिला मातोंडकर यांची राजकीय वाटचाल आणि उत्तर मुंबई मतदारसंघाचा इतिहास

प्रस्तावना

चित्रपट कलावंतांनी राजकारणात प्रवेश करणे ही भारतीय लोकशाहीत आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. दक्षिणेकडील राज्यांत कलावंतांनी पक्ष स्थापन केले, सत्ता मिळविली आणि ती वर्षानुवर्षे सांभाळली. हिंदी चित्रपटसृष्टीचे माहेरघर मात्र महाराष्ट्राच्या राजधानीत असूनही या राज्याच्या राजकारणात चित्रपट कलावंतांचे, विशेषतः अभिनेत्रींचे, स्थान मर्यादितच राहिले. मराठी मध्यमवर्गातून आलेल्या, बालकलाकार म्हणून कारकीर्द सुरू केलेल्या आणि हिंदी चित्रपटांत अग्रस्थानी पोहोचलेल्या उर्मिला मातोंडकर यांची राजकीय वाटचाल या संदर्भात अभ्यसनीय ठरते. मार्च २०१९ मध्ये त्यांनी काँग्रेस पक्षात प्रवेश केला, त्याच वर्षी लोकसभेची निवडणूक लढविली, त्याच वर्षी पक्षही सोडला. पुढे त्यांचे नाव विधान परिषदेच्या नामनियुक्त सदस्यत्वासाठी सुचविले गेले. परंतु त्या सभागृहात त्यांना प्रवेश मिळाला नाही.

या वाटचालीकडे 'एका नटीचा राजकारणातील अयशस्वी प्रयोग' म्हणून पाहण्याची प्रवृत्ती सर्वसाधारणपणे आढळते. प्रस्तुत निबंधात या मताची तपासणी केली आहे. उर्मिला मातोंडकर यांचा पराभव हा लोकप्रियतेचा पराभव होता, की ज्या पक्षसंघटनेच्या आधारावर त्या उभ्या राहिल्या तिच्या दुर्बलतेचा? कलावंतांना विधिमंडळात स्थान मिळावे म्हणून राज्यघटनेने जी स्वतंत्र वाट ठेवली आहे, ती त्यांच्या बाबतीत का बंद राहिली? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना एका व्यक्तीच्या चरित्राबरोबरच एका मतदारसंघाचा इतिहासही लक्षात घेणे क्रमप्राप्त ठरते.

महाराष्ट्रातील कलावंत आणि राजकारण

तमिळनाडूत चित्रपट आणि राजकारण यांचे नाते पक्षाच्या जन्मापासूनचे आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या द्रविड मुन्नेत्र कळघमचे अण्णादुराई आणि करुणानिधी हे नेते स्वतः चित्रपटांचे कथा-संवादलेखक होते. चित्रपट हे त्या पक्षाच्या विचारप्रसाराचे साधन होते आणि नायकांच्या चाहत्यांची मंडळे ही गावोगावची पक्षयंत्रणा होती. एम. जी. रामचंद्रन यांनी १९७२ मध्ये वेगळा पक्ष काढला तेव्हा ही यंत्रणा बऱ्याच अंशी त्यांच्यासोबत गेली. जयललिता यांनी १९८२ मध्ये त्या पक्षात प्रवेश केला, १९८४ मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या आणि १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्या यशात अभिनयाच्या वलयाचा वाटा होता हे खरे. पण ते वलय आधीच उभ्या असलेल्या संघटनेत सामावले गेले, हे अधिक महत्त्वाचे आहे.

महाराष्ट्रात परिस्थिती वेगळी होती. येथील राजकीय नेतृत्व सहकार, शिक्षणसंस्था आणि स्थानिक स्वराज्य संस्थांतून घडले. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती यांसारखे सहकारी साखर कारखाने, गावोगावच्या विकास सोसायट्या, बाजार समिती, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि जिल्हा परिषद या पायऱ्या चढूनच येथील कार्यकर्ता नेता होतो. जळोचीसारख्या, आता बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आलेल्या गावातही मतदार उमेदवाराला ओळखतो तो ऊस, पाणी, कर्ज आणि रस्ता यांच्या निमित्ताने. अशा रचनेत पडद्यावरील ओळखीला सभेला गर्दी जमविण्यापलीकडे फारसे काम उरत नाही.

म्हणूनच महाराष्ट्रातील कलावंत राजकारणात आला तो बहुधा प्रचारक म्हणून. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि शाहीर साबळे यांनी लोकमत जागे केले. पुढे दादा कोंडके यांनी शिवसेनेच्या सभा गाजविल्या. निळू फुले राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारातून सामाजिक चळवळींशी जोडलेले राहिले. यांपैकी कोणाच्याही लोकप्रियतेतून पक्ष उभा राहिला नाही. हिंदी चित्रपटसृष्टीच्या बाबतीत आणखी एक मर्यादा होती. तिचा प्रेक्षक देशभर विखुरलेला होता, तर मुंबईचा मतदार मराठी, गुजराती, उत्तर भारतीय, दक्षिण भारतीय अशा अनेक भाषिक समूहांत विभागलेला होता. प्रेक्षक आणि मतदार हे दोन समूह येथे एकरूप झाले नाहीत.

जडणघडण : बालकलाकार ते अभिनेत्री

उर्मिला मातोंडकर यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९७४ रोजी मुंबईत झाला. डॉ. श्रीराम लागू यांनी दिग्दर्शित केलेल्या 'झाकोळ' (१९८०) या मराठी चित्रपटात त्या बालकलाकार म्हणून दिसल्या. त्यानंतर श्याम बेनेगल यांचा 'कलयुग' (१९८१) आणि शेखर कपूर यांचा 'मासूम' (१९८३) हे चित्रपट आले. 'मासूम'मधील थोरल्या मुलीच्या भूमिकेमुळे त्यांचा चेहरा घरोघरी पोहोचला. नायिका म्हणून त्यांचे आरंभीचे चित्रपट 'चाणक्यन' (मल्याळम, १९८९) आणि 'नरसिम्हा' (१९९१) हे होत.

रामगोपाल वर्मा यांच्या 'रंगीला' (१९९५) या चित्रपटाने त्यांना तारकापद मिळवून दिले. पडद्यामागे नाचणाऱ्या समूहातील मध्यमवर्गीय मुलगी नायिका होते, हे त्याचे कथासूत्र होते. या चित्रपटानंतर त्यांची जी प्रतिमा रूढ झाली ती मुख्यतः सौंदर्याची आणि नृत्याची होती. तथापि त्यांच्या पुढील भूमिकांचा क्रम पाहिल्यास ही प्रतिमा अपुरी असल्याचे दिसते. 'सत्या' (१९९८) मध्ये त्यांनी गुन्हेगारी जगाच्या शेजारी राहणारी, त्या जगाची कल्पना नसलेली चाळीतील तरुणी साकारली. 'कौन' (१९९९) हा चित्रपट तर एका घरात आणि मोजक्या पात्रांत घडतो. 'भूत' (२००३) साठी त्यांना फिल्मफेअरचा समीक्षकांचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्री पुरस्कार मिळाला.

अमृता प्रीतम यांच्या कादंबरीवर आधारलेल्या 'पिंजर' (२००३) मध्ये त्यांनी फाळणीच्या काळात अपहृत झालेल्या आणि स्वतःच्या घराने नाकारलेल्या पुरोची भूमिका केली. या चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला. जाह्नू बरुआ यांच्या 'मैंने गांधी को नहीं मारा' (२००५) मध्ये त्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या प्राध्यापक वडिलांना सांभाळणाऱ्या मुलीची भूमिका केली. सुजय डहाके यांच्या 'आजोबा' (२०१४) या मराठी चित्रपटात त्या वन्यजीव संशोधकाच्या भूमिकेत होत्या. माळशेज परिसरात सोडलेला एक बिबट्या चालत मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला, या सत्य घटनेवर तो आधारलेला होता. योगायोग असा की, त्या उद्यानाला लागून असलेल्या बोरिवली, दहिसर आणि मागाठाणे या भागांत पाच वर्षांनी त्यांना मते मागावी लागली.

भूमिकांवरून कलावंताची राजकीय मते ठरविता येत नाहीत. परंतु फाळणी, स्त्रीचे परकेपण आणि गांधींच्या स्मृतीचे समाजातील स्थान हे विषय ज्या अभिनेत्रीच्या प्रौढ कारकिर्दीत ठळकपणे येतात, तिची सार्वजनिक ओळख केवळ एका गाण्यातील नर्तिकेपुरती उरावी, यात अभिनेत्रीकडे पाहण्याच्या समाजाच्या दृष्टीचा प्रश्न गुंतलेला आहे. राजकारणात आल्यावर त्यांना याच दृष्टीला तोंड द्यावे लागले.

उत्तर मुंबई : पाणी, लोकल आणि पडदा

उर्मिला मातोंडकर यांनी ज्या मतदारसंघातून निवडणूक लढविली त्याला राजकीय आणि चित्रपटविषयक असा दुहेरी इतिहास आहे. १९६२ मध्ये तत्कालीन उत्तर मुंबई मतदारसंघात व्ही. के. कृष्ण मेनन आणि आचार्य कृपलानी यांच्यात लढत झाली. त्या वेळच्या सीमा आजच्याहून भिन्न होत्या. पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून दिलीपकुमार यांनी मेनन यांचा प्रचार केला आणि मेनन विजयी झाले. चित्रपटातील नायक मतदारसंघात आला तो दुसऱ्यासाठी मते मागायला.

१९७७ मध्ये याच उत्तर मुंबईतून मृणाल गोरे लोकसभेवर निवडून आल्या. गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावे म्हणून त्यांनी केलेल्या लढ्यामुळे लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणत. महापालिकेतील काम, १९७२ नंतरचे महागाईविरोधी लाटणे मोर्चे आणि आणीबाणीविरोधातील तुरुंगवास, अशी दीर्घ वाट चालून त्या लोकसभेत पोहोचल्या होत्या. या मतदारसंघातील स्त्रियांनी एका स्त्रीला निवडून दिले ते तिने त्यांच्या नळाला पाणी आणण्यासाठी संघर्ष केला म्हणून.

१९८९ पासून भारतीय जनता पक्षाचे राम नाईक येथून सलग पाच वेळा निवडून आले. पक्षाच्या शाखांचे जाळे आणि उपनगरी रेल्वे प्रवाशांच्या प्रश्नांवर त्यांनी केलेले काम हा त्यांच्या यशाचा पाया होता. रोज सकाळी विरार-बोरिवलीहून चर्चगेट गाठणाऱ्या चाकरमान्यांच्या दृष्टीने लोकलपेक्षा मोठा राजकीय प्रश्न नव्हता. असे असूनही २००४ मध्ये, केंद्रीय पेट्रोलियम मंत्री असताना, त्यांचा काँग्रेसचे उमेदवार अभिनेते गोविंदा यांच्याकडून पराभव झाला. गोविंदा यांना ५,५९,७६३ आणि नाईक यांना ५,११,४९२ मते मिळाली. फरक ४८,२७१ मतांचा होता. त्या वेळी मतदारसंघात वसई-विरारचा भाग समाविष्ट होता आणि गोविंदा हे विरारमध्ये वाढलेले होते. पडद्यावरच्या लोकप्रियतेला येथे 'आपल्या गावचा मुलगा' या ओळखीची आणि स्थानिक राजकीय पाठबळाची जोड मिळाली. २००९ ची निवडणूक मात्र त्यांनी लढविली नाही.

२००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर वसई-विरारचा भाग वगळला गेला. बोरिवली, दहिसर, मागाठाणे, कांदिवली पूर्व, चारकोप आणि मालाड पश्चिम असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात उरले. २००९ मध्ये काँग्रेसचे संजय निरुपम यांनी राम नाईक यांचा अवघ्या ५,७७९ मतांनी पराभव केला. त्या निवडणुकीत महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या उमेदवारामुळे मते तिरंगी विभागली होती. २०१४ मध्ये भाजपचे गोपाळ शेट्टी यांनी निरुपम यांना ४,४६,५८२ मतांनी पराभूत केले. नगरसेवक, आमदार आणि मग खासदार अशा क्रमाने आलेल्या शेट्टी यांची वस्तीपातळीवरील पकड घट्ट होती. २०१९ मध्ये काँग्रेसने उर्मिला मातोंडकर यांना उमेदवारी दिली, तेव्हाचे चित्र हे होते.

२०१९ ची निवडणूक

२७ मार्च २०१९ रोजी दिल्लीत राहुल गांधी यांच्या उपस्थितीत उर्मिला मातोंडकर काँग्रेसमध्ये दाखल झाल्या. आपण केवळ निवडणुकीपुरत्या आलो नसून विचारांसाठी आलो आहोत, अशी भूमिका त्यांनी मांडली. दोनच दिवसांनी त्यांची उमेदवारी जाहीर झाली. मुंबईत मतदान २९ एप्रिलला होते. म्हणजे सहा विधानसभा मतदारसंघांत पोहोचण्यासाठी त्यांच्या हाती अवघा महिना होता.

या महिन्यात त्यांनी वस्त्यांतून, चाळींतून पायी व रिक्षाने फिरून प्रचार केला. मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत सहजपणे आणि मुद्देसूद बोलणे हा त्यांचा विशेष वृत्तपत्रांनी नोंदविला. दुसरीकडे त्यांच्या विवाहाविषयी आणि धर्माविषयी समाजमाध्यमांवर अफवा पसरविण्यात आल्या. १५ एप्रिल रोजी बोरिवलीत त्यांच्या प्रचारादरम्यान गोंधळ झाला आणि त्यांनी पोलीस संरक्षणाची मागणी केली. पुरुष उमेदवाराला त्याच्या कारभाराविषयी प्रश्न विचारले जातात. स्त्री उमेदवाराला, त्यातही अभिनेत्रीला, तिच्या संसाराविषयी विचारले जातात, हा अनुभव येथेही आला.

२३ मे रोजी लागलेल्या निकालात गोपाळ शेट्टी यांना ७,०६,६७८ आणि उर्मिला मातोंडकर यांना २,४१,४३१ मते मिळाली. ४,६५,२४७ मतांचा हा पराभव मोठा होता. 'सिनेमातली गर्दी मतपेटीत उतरत नाही' असा निष्कर्ष त्यावरून काढला गेला.

आकडेवारीची फेरतपासणी

हा निष्कर्ष आकडेवारीच्या कसोटीवर पूर्णपणे उतरत नाही. २०१४ मध्ये याच पक्षाचे उमेदवार संजय निरुपम हे विद्यमान खासदार होते. मतदारसंघात त्यांचा पाच वर्षांचा वावर होता. त्यांना २,१७,४२२ मते मिळाली होती. एका महिन्यापूर्वी राजकारणात आलेल्या उर्मिला मातोंडकर यांना त्यांच्यापेक्षा २४,००९ मते अधिक मिळाली. भाजपचीही मते वाढल्यामुळे मतांचा फरक किंचित वाढला. पण काँग्रेसचा पाया या उमेदवारीमुळे खचला, असे म्हणता येत नाही. मतदारसंख्येतील वाढ जमेस धरली तरी फार तर एवढेच म्हणता येईल की, अभिनेत्रीच्या प्रसिद्धीने पक्षाची मते राखली, परंतु ती विजयाच्या जवळपासही नेली नाहीत.

२०२४ च्या निवडणुकीशी तुलना केल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. त्या वर्षी भाजपचे पीयूष गोयल यांना ६,८०,१४६ मते मिळाली. चित्रपटाचे कोणतेही वलय नसलेल्या काँग्रेस उमेदवाराला ३,२२,५३८ मते मिळाली. हा आकडा उर्मिला मातोंडकर यांच्या मतांपेक्षा ८१,१०७ ने अधिक आहे. २०१९ आणि २०२४ यांतील मोठा फरक असा की, २०१९ मध्ये शिवसेना भाजपसोबत होती, तर २०२४ मध्ये तिचा उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वाखालील पक्ष काँग्रेससोबत होता. दोन्ही निवडणुकांत राज्यातील वातावरणही वेगळे होते, हे विसरता येणार नाही. तरीही शाखा, गटप्रमुख आणि मतदानाच्या दिवशी घराघरांतून मतदार बाहेर काढणारे कार्यकर्ते यांचे मूल्य प्रसिद्धीपेक्षा किती अधिक असते, याचा अंदाज या तुलनेतून येतो.

अशाच प्रकारे २००४ चा गोविंदा यांचा विजयही केवळ नटाचा विजय नव्हता. तेथे वसई-विरारची भौगोलिक जोड होती. सारांश, उत्तर मुंबईच्या मतदाराने नटाला डोक्यावर घेतले नाही आणि नटीला नाकारलेही नाही. त्याने प्रत्येक वेळी उमेदवारामागे कोण उभे आहे, ते पाहिले.

पक्षांतर्गत पत्र आणि राजीनामा

निकालापूर्वीच, १६ मे २०१९ रोजी, उर्मिला मातोंडकर यांनी मुंबई काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष मिलिंद देवरा यांना पत्र लिहून प्रचारातील स्थानिक पातळीवरच्या त्रुटी व असहकार्य यांविषयी तक्रार केली होती. हे पत्र जुलैमध्ये वृत्तपत्रांपर्यंत पोहोचले. पक्षासाठी गोपनीय म्हणून लिहिलेला मजकूर उघड झाला आणि तक्रारीवर कारवाई मात्र झाली नाही, असे नमूद करून १० सप्टेंबर २०१९ रोजी त्यांनी पक्षाचा राजीनामा दिला. क्षुद्र अंतर्गत राजकारणासाठी आपला वापर होऊ देणे आपल्या विवेकाला मान्य नाही, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता.

विचारांसाठी आल्याचे सांगणाऱ्या व्यक्तीने साडेपाच महिन्यांत पक्ष सोडावा, यावर टीका झाली. ती टीका पूर्णपणे गैरलागू नाही. मृणाल गोरे यांनीही पक्षांतर्गत मतभेद आणि फाटाफूट अनुभवली. पण त्यांच्या पायाखाली गोरेगावची जमीन होती. पक्ष बदलला तरी वस्ती बदलत नव्हती. वरून आलेल्या उमेदवाराकडे अशी जमीन नसते. पक्षश्रेष्ठींनी दिलेल्या उमेदवारीवर स्थानिक कार्यकर्त्यांचा विश्वास बसण्यास वेळ लागतो आणि श्रेष्ठींनी तो वेळ दिलेला नसतो. दोष उमेदवाराच्या उतावळेपणाचा की निवडणुकीच्या तोंडावर चेहरा शोधणाऱ्या पक्षाचा, याचा निवाडा करताना दुसऱ्या बाजूचे वजन अधिक भरते.

विधान परिषदेची वाट

राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ नुसार विधान परिषदेतील काही सदस्य राज्यपालांकडून नामनिर्देशित केले जातात. साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा या क्षेत्रांतील विशेष ज्ञान वा व्यावहारिक अनुभव ही त्यासाठीची अट आहे. राज्यसभेसाठीच्या अनुच्छेद ८० मध्ये सहकारी चळवळीचा उल्लेख नाही. तो विधान परिषदेपुरता आहे. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या परिषदेत अशा १२ जागा आहेत. निवडणुकीच्या धकाधकीत न उतरणाऱ्या, परंतु समाजाला ज्यांच्या अनुभवाची गरज आहे अशा व्यक्तींना कायदेमंडळात स्थान मिळावे, हा या तरतुदीचा हेतू आहे.

या तरतुदीचा चांगला उपयोगही महाराष्ट्राने पाहिला आहे. चित्रपटगीते आणि पटकथा यांवर आपली मुद्रा उमटविणारे ग. दि. माडगूळकर १९६२ ते १९७४ या काळात परिषदेचे सदस्य होते. कवी ना. धों. महानोर यांचे १९७८ मध्ये नामनिर्देशन झाले आणि शेती व पाण्याच्या प्रश्नांवर त्यांनी सभागृहात केलेली मांडणी पुढेही चर्चिली गेली. राज्यसभेत १९५२ मध्ये पृथ्वीराज कपूर, तर १९८० मध्ये नर्गिस दत्त यांची नियुक्ती झाली. नर्गिस यांची कारकीर्द ३ मे १९८१ रोजी झालेल्या त्यांच्या निधनामुळे अल्पकालीन ठरली. १९९७ मध्ये नियुक्त झालेल्या शबाना आझमी यांच्या पाठीशी मुंबईतील झोपडपट्टीवासीयांच्या निवाऱ्यासाठी केलेले काम होते.

जून २०२० मध्ये परिषदेतील या जागा रिक्त झाल्या. ६ नोव्हेंबर २०२० रोजी महाविकास आघाडी सरकारने १२ नावांची यादी राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांना सादर केली. शिवसेनेच्या वाट्यातून उर्मिला मातोंडकर यांचे नाव त्यात होते. गायक आनंद शिंदे आणि अनिरुद्ध वनकर यांचीही नावे होती. त्यासोबत सक्रिय राजकीय नेतेही होते. १ डिसेंबर २०२० रोजी उर्मिला मातोंडकर यांनी शिवसेनेत रीतसर प्रवेश केला. त्याआधी सप्टेंबरमध्ये मुंबईविषयीच्या एका वक्तव्यावरून अभिनेत्री कंगना राणावत यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला होता. त्या वादात त्यांच्या अभिनयाच्या कारकिर्दीचा अवमानकारक शब्दांत उल्लेख झाला. पंचवीस वर्षांपूर्वीच्या पडद्यावरील प्रतिमेचा वापर स्त्रीचा राजकीय आवाज खाली पाडण्यासाठी कसा होतो, हे त्या वेळी पुन्हा दिसले. या खेपेस तो एका अभिनेत्रीकडूनच झाला.

राज्यपालांनी यादी स्वीकारली नाही आणि परतही पाठविली नाही. १३ ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला. मंत्रिमंडळाच्या शिफारशीवर वाजवी कालावधीत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे आणि आठ महिन्यांचा काळ पुरेसा आहे, असे मत न्यायालयाने व्यक्त केले. राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नसल्यामुळे त्यांना आदेश देता येत नाही, असेही त्यात स्पष्ट करण्यात आले. जून २०२२ मध्ये सत्तांतर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या सरकारने जुनी यादी मागे घेतली. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये सात सदस्यांची नियुक्ती झाली. त्यांत चित्रपट वा रंगभूमीच्या क्षेत्रातील कोणीही नव्हते. यादी मागे घेण्यास आव्हान देणारी याचिका जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळली.

म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ या १२ जागा रिकाम्या राहिल्या. या काळात विधान परिषदेत कलेच्या वतीने कोण बोलले असते, काय बोलले असते, हे आता सांगता येणार नाही. करोनाच्या साथीत नाट्यगृहे आणि चित्रपटगृहे बंद होती, तमाशाचे फड थांबले होते, लोककलावंतांवर उपासमारीची वेळ आली होती. नेमक्या त्याच काळात कलेसाठी ठेवलेल्या जागा पक्षांच्या ओढाताणीत अडकून पडल्या होत्या. यात एका अभिनेत्रीचे पद हुकले ही गोष्ट त्या मानाने लहान आहे.

तुलनेसाठी दोन उदाहरणे

अमरावतीच्या नवनीत राणा यांचे उदाहरण येथे उपयुक्त ठरते. तेलुगू चित्रपटांत काम केलेल्या राणा यांनी २०१४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभा निवडणूक लढविली आणि त्या पराभूत झाल्या. पुढील पाच वर्षे त्या मतदारसंघातच राहिल्या. पती आमदार असल्यामुळे त्यांच्या हाताशी स्थानिक संघटना होती. २०१९ मध्ये काँग्रेस आघाडीच्या पाठिंब्याने अपक्ष म्हणून त्या सुमारे ३७ हजार मतांनी विजयी झाल्या. २०२४ मध्ये भाजपच्या उमेदवार म्हणून मात्र त्यांचा सुमारे २० हजार मतांनी पराभव झाला. विजय आणि पराभव या दोन्हींत त्यांच्या चित्रपटांना फारसे महत्त्व उरले नव्हते. त्या तोवर अमरावतीच्या राजकारणाचा भाग झाल्या होत्या.

दुसरे उदाहरण कंगना राणावत यांचे. २०२४ मध्ये त्या हिमाचल प्रदेशातील मंडी मतदारसंघातून भाजपच्या उमेदवार म्हणून ७४,७५५ मतांनी निवडून आल्या. उर्मिला मातोंडकर यांच्याप्रमाणेच त्यांनाही उमेदवारी निवडणुकीच्या तोंडावर मिळाली होती. दोघींच्या निकालांतील अंतर अभिनयगुणांवरून समजत नाही. ते पक्षाच्या त्या त्या ठिकाणच्या बळावरून आणि कंगना यांच्या स्वतःच्या प्रदेशाशी असलेल्या नात्यावरून समजते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, उत्तर मुंबईतील २०१९ चा निकाल हा अभिनेत्रीच्या लोकप्रियतेचा पराभव म्हणून वाचणे चुकीचे आहे. त्या उमेदवारीने पक्षाची मते घटविली नाहीत. दुर्बल संघटनेची उणीव भरून काढण्याचे काम तिच्यावर सोपविले गेले आणि ते काम प्रसिद्धीच्या आवाक्यातले नव्हते. दुसरी, महाराष्ट्रात लोकप्रतिनिधित्व हे दीर्घकाळ चाललेल्या स्थानिक कामातून उभे राहते. पाणी आणि लोकल यांनी उत्तर मुंबईत जे केले, तेच ऊस आणि सहकाराने बारामती-इंदापुरात केले. तिसरी, ज्यांना ही वाट चालणे शक्य नाही अशा कलावंतांसाठी घटनाकारांनी ठेवलेला मार्ग पक्षीय देवाणघेवाणीचे साधन बनला आहे. सर्वच पक्षांनी या जागांवर आपल्या राजकीय कार्यकर्त्यांची सोय पाहिली, हे त्याचे कारण आहे.

जानेवारी २०२३ मध्ये जम्मूजवळ भारत जोडो यात्रेत उर्मिला मातोंडकर सहभागी झाल्या. त्या वेळी त्यांच्याकडे कोणतेही लोकप्रतिनिधीपद नव्हते. पदाशिवायही भूमिका घेता येते, हे त्यातून दिसते. पण पदाशिवाय घेतलेल्या भूमिकेला सभागृहात स्थान मिळत नाही, हेही तितकेच खरे आहे.

२०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवण्याची तरतूद केली. ती अमलात येईल तेव्हा प्रत्येक पक्षाला मोठ्या संख्येने महिला उमेदवारांची गरज भासेल. महाराष्ट्रात पंचायत राज संस्थांतून, महिला बचत गटांतून आणि सहकारी संस्थांतून हजारो स्त्रियांनी कारभाराचा अनुभव घेतला आहे. पक्ष त्यांच्याकडे वळतात की निवडणुकीच्या महिनाभर आधी ओळखीचा चेहरा शोधतात, यावर या तरतुदीचे यश अवलंबून राहील. ओळखीचा चेहरा अपात्र असतो असे नाही. त्याला मतदारसंघात रुजण्यासाठी वेळ आणि सोबत उभी राहणारी माणसे द्यावी लागतात. उर्मिला मातोंडकर यांना २०१९ मध्ये या दोन्ही गोष्टी मिळाल्या नाहीत.